रोजचंच तर आहे, त्याचा काय फोटो काढायचा?



मौद्यात फोटोग्राफीवर बोलायचं ठरलं, तेव्हा आम्हाला आधी हेच ऐकायला मिळालं: "काय आहे जी इथं फोटो काढायला? रामटेकला जा, अंभोऱ्याला जा." (हशा) आजचं सगळं बोलणं या प्रश्नावरच आहे.

थोडं मागे जाऊ. १८४४ साली, फोटोग्राफी अगदी नवीन असताना, इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी एक फोटो काढला. विषय काय? खराटा! एक उघडं दार, त्याच्यापाशी टेकवून ठेवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील आणि घोड्याचा लगाम. बस. 'द पेन्सिल ऑफ नेचर' या त्यांच्या पुस्तकात हा फोटो आहे आणि आजही तो जगभर दाखवला जातो. त्यात दारावर तिरपी सावली पडलीय, आतला अंधार गडद आहे आणि त्या अंधारात मागची खिडकी पुसटशी दिसते. एका झटक्यात जमलेला हा फोटो नाही बरं. हाच विषय टॅलबट यांनी काही वर्षांत पुन्हा पुन्हा घेऊन बघितला होता.

दुसरं उदाहरण भाजीच्या टोपलीतलं. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली एक सिमला मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि तिचा फोटो काढला. नरसाळ्यामुळे उजेड सगळ्या बाजूंनी हळुवार पसरला आणि मिरचीचे उंचवटे माणसाच्या पाठीसारखे, खांद्यासारखे दिसायला लागले.

आता बघा, खराटा खराटाच राहिला, मिरची मिरचीच राहिली. या दोघांनी ठरवल्या त्या तीन गोष्टी: उजेड कुठून येतो, आपण कुठं उभं राहायचं आणि चौकटीत काय ठेवायचं. या तिन्ही आपल्या मौद्यात लावून बघू.

आधी उजेड. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उन्हात माणसाचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. मग त्या माणसाला दाराच्या आत, सावलीत, पण बाहेर तोंड करून बसवा. अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ येतो. वेगळा लाइट लागत नाही. आणि दुपार वाया गेली असंही समजू नका. वळचणीची सावली नसलेली मातीची भिंत शोधा. डोक्यावरचं ऊन तिच्यावरून घसरत खाली येतं आणि सारवताना उमटलेले बोटांचे फराटे एकेक करून उठून दिसतात. सकाळी हीच भिंत सपाट वाटू शकते.

दुसरी गोष्ट, आपली जागा. रोवणीचे फोटो आपण बहुतेक धुऱ्यावर उभं राहून काढतो. त्यात काय येतं? वाकलेल्या बायांच्या पाठी. एकदा धुऱ्यावर बसा, फोन गुडघ्याइतका खाली न्या. लगेच चेहरे दिसतात, पऱ्हे धरलेला हात दिसतो आणि बांधीतल्या पाण्यात आभाळही येतं. मात्र आधी विचारा. काम करणारी माणसं म्हणजे देखावा नव्हे. काढलेला फोटो त्यांना दाखवा, हवा असेल तर पाठवा.

तिसरी गोष्ट, चौकट. इथल्या एनटीपीसीच्या वीज केंद्राची क्षमता २३२० मेगावॅट आहे. त्याच्या चिमण्या लांबून दिसतात, आणि गाव 'गावासारखं' दिसावं म्हणून आपण त्या कापतो. आम्ही म्हणू, राहू द्या. पुढे धान, मागे चिमणी, हा मौद्याचा फोटो झाला. चिमणी कापली की तो कुठल्याही गावाचा होतो.

फोनबद्दल थोडक्यात. आधी लेन्स पुसा; खिशातल्या फोनवर हमखास बोटांचे डाग असतात. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. स्क्रीनवर मुख्य विषयाला बोट लावा आणि फोटो पांढरा पडत असेल तर उजेड थोडा कमी करा. एवढं पुरे.

पण हे सगळं करायचं कशासाठी? आता जरा वेगळं बोलतो. घरात कुणी वारलं की हार घालायला फोटो शोधावा लागतो. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून आईचा चेहरा कापून मोठा करायचा, नाहीतर आधार कार्डावरचा घ्यायचा. ज्या बाईनं चाळीस वर्षं चुलीपुढे, शेतात काढली, तिचा तसा एकही फोटो घरात नसतो. का? रोजचंच होतं म्हणून. मातीची भिंत पडून स्लॅब येतो, बंडी जाऊन ट्रॅक्टर येतो. त्यात वाईट काही नाही, पण आधीचं कुणी टिपलेलं नसतं. रामटेकच्या मंदिराचे फोटो हजारो लोक काढतील. तुमच्या घरच्या चुलीचा फोटो तुम्ही काढला नाही, तर कोण काढणार?

म्हणून एक काम देतो. घरातली एकच वस्तू किंवा एकच जागा निवडा. पाण्याची घागर घ्या, उंबरठा घ्या, आईची कामाची जागा घ्या. सात दिवस, रोज वेगळ्या वेळी, तिचा एकेक फोटो काढा. वस्तू हलवायची नाही, आपण हलायचं. पहिले दोन-तीन दिवस कंटाळा येईल, "तेच तर आहे" असं वाटेल. तरी थांबू नका. सातही फोटो शेजारी ठेवून बघा आणि ऊन कुठून कुठं सरकलं ते घरच्यांना दाखवा. त्यातला एक तरी छापून घ्या, कारण फोन बदलला की फोटो हरवतात.