सातबारा नव्हे, मार्कशीट

राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीहून बीएस्सी ॲग्री झालं की पुढचा रस्ता बहुतेकांना एकच दिसतो: एमपीएससी. तो सोडून जे परदेशी मास्टर्सचा विचार करतात, त्यांच्या यादीत ‘फूड अँड रिसोर्स इकॉनॉमिक्स’ हे नाव असतंच असं नाही, पण असायला हरकत नाही. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात या नावाची पदवीच आहे, कोपनहेगन आणि फ्लोरिडाच्या विद्यापीठांत या नावाचे विभाग आहेत, आणि जर्मनीत बॉनला याच्या जवळचा, पूर्ण इंग्रजीतला अभ्यासक्रम आहे. विषयाची नीट माहिती देणारे मात्र कमी आणि ऐकीव सल्ले देणारे फार.

‘शेतीचंच शिक्षण आहे, शेतकऱ्याच्या मुलाला लगेच घेतात’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. इथे शिकायचं असतं अर्थशास्त्र. शेती, पाणी, जंगल, मासेमारी ही ते लावून बघायची क्षेत्रं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर संख्याशास्त्राकडून या विषयात आले. पीक विम्यात प्रत्येक शेताचं नुकसान वेगळं मोजत बसू नका, सारख्या परिस्थितीच्या पट्ट्याचं सरासरी उत्पन्न मोजा आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं की पट्ट्यातल्या सगळ्यांना भरपाई द्या, हा आग्रह त्यांचा. १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेचा पाया तोच होता. यात नांगर कुठे आहे? आहे ती सरासरी, जोखीम आणि विमेदाराच्या वागण्याचा अंदाज.

म्हणून अर्ज वाचणारे घरी किती एकर आहे ते बघत नाहीत, मार्कशीटवरचे विषय बघतात. मायक्रोइकॉनॉमिक्स किती, गणित किती, संख्याशास्त्र किती. बीए इकॉनॉमिक्सची किंवा बीएस्सी स्टॅटिस्टिक्सची मुलगी इथे उपरी नसते. उलट कधी कधी ॲग्रीवाल्यापेक्षा तिची बाजू भक्कम असते. ॲग्रीच्या चार वर्षांत अर्थशास्त्राचे विषय असतात खरे: कृषी अर्थशास्त्राची मूलतत्त्वं, वित्त आणि सहकार, बाजारव्यवस्था आणि किमती, शेती व्यवस्थापन. पण ते असतात दोन-तीन क्रेडिटचे. मार्कशीटवर ‘२ (१+१)’ एवढंच छापलेलं असतं, म्हणजे एक तास व्याख्यान आणि एक प्रॅक्टिकल. बॉन किंवा जर्मनीतल्याच होहेनहाइम विद्यापीठात बसलेल्या माणसाला त्या एका ओळीवरून मागणीची लवचिकता शिकवली की फक्त व्याख्या पाठ करून घेतल्या, ते कळायला मार्ग नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह जोडला, तर ते क्रेडिट मोजले जाण्याची आशा तरी राहते. बारावीला गणित सोडलेल्यांनी कॅल्क्युलस आणि रिग्रेशनचा एखादा कोर्स परीक्षा देऊन पूर्ण करावा. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावर असे कोर्स आहेत. नुसता व्हिडिओ बघून कुणाचं समाधान होत नाही.

‘माझा ओजीपीए ८ आहे, म्हणजे जर्मनीत २.२? गेलं सगळं!’

गेलं काही नाही. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण किंवा ओजीपीए (दहापैकी एकूण सरासरी) तिकडे नेण्याचं सूत्र साधं आहे: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. कमाल १०, उत्तीर्ण ५, मिळाले ८, तर २ भागिले ५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२. साडेसात असेल तर २.५. काही अभ्यासक्रमांची मर्यादा या २.५ च्याच आसपास असते, म्हणून शेवटच्या सेमिस्टरचा अर्धा पॉइंट लाखमोलाचा. सूत्रात उत्तीर्ण गुण कोणते धरायचे हे आपल्या विद्यापीठाच्या नियमावर ठरतं. मार्कशीटच्या मागे तो छापलेला नसेल तर पत्र घ्या.

‘एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज) संघर्ष लिहायचा’

आत्महत्याग्रस्त जिल्हा, दुष्काळ, आजोबांची बैलजोडी. लिहिणाऱ्यासाठी हे सगळं खरं असतं, पण वाचणाऱ्याने त्याच दिवशी असे बरेच अर्ज वाचलेले असतात. त्याला हवा असतो एक प्रश्न. कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवताना टनामागे ५५० डॉलरची किमान किंमत ठेवली. या नऊ महिन्यांत तोटा कुणी सोसला: चाळीत कांदा ठेवून थांबलेल्या शेतकऱ्याने, लासलगावच्या व्यापाऱ्याने की बाहेरच्या गिऱ्हाइकाने? ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव फुकट मिळतात. बंदीच्या आधीचे आणि नंतरचे भाव काढून त्यांचा आलेख बघितला, आणि त्यातून काय कळलं नि काय कळू शकलं नाही हे दोन परिच्छेदांत लिहिलं, की तो एसओपी गर्दीतून वेगळा उठतो. कांद्याच्या पट्ट्यातल्या निफाडचं असणं तेव्हा कामाला येतं.

‘जर्मनी फुकट आहे’

बहुतेक सरकारी विद्यापीठांत आहे, सगळीकडे नाही. होहेनहाइम ज्या बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरमागे १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. बॉनला फी नाही, पण सेमिस्टरचं अंशदान आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात (हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा). पैसे तुमचेच, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. पण निघायच्या आधी दहा लाखांहून बरीच मोठी रक्कम उभी करायची असते, हे घरच्यांना वेळेवर सांगितलेलं बरं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. त्याची फी १८,००० रुपये.

अमेरिकेचं उलट आहे. फीचा आकडा बघून आपण तो टॅब बंद करतो. पण पर्ड्यू, कॅन्सस स्टेट यांसारख्या ठिकाणी कृषी अर्थशास्त्राच्या थीसिसवाल्या एमएसला असिस्टंटशिप मिळू शकते. ती मिळाली की फी माफ होते आणि वर महिन्याचा भत्ता. नोकरीसाठी आखलेल्या, थीसिस नसलेल्या मास्टर्सला हे सहसा मिळत नाही. तीन वर्षांच्या बीएला मात्र अमेरिकेत काही ठिकाणी अडवतात. युरोपात त्यामानाने कमी.

‘रँकिंग बघितलं की झालं’

कुठलं रँकिंग, ते आधी विचारा. कृषीच्या यादीत नेदरलँड्सचं वाखेनिंगेन वर्षानुवर्षं अव्वल आहे. होहेनहाइमचं नाव कृषीत मोठं, पण सर्वसाधारण यादीत ते पहिल्या दोनशेत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र क्यूएस रँकिंगच्या पहिल्या २०० विद्यापीठांवर बेतलेली आहे. त्यामुळे विभाग चांगला असूनही शिष्यवृत्ती हुकू शकते. त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचूनच विद्यापीठं निवडा. जर्मनीच्या ‘डाड’ (DAAD) या शैक्षणिक विनिमय संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती दोन वर्षं नोकरी केलेल्यांसाठी आहे. नाबार्ड, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखाद्या संस्थेत दोन वर्षं गेली म्हणजे वाया गेली, असं म्हणणाऱ्यांकडे त्यामुळे फार लक्ष देऊ नये.

कन्सल्टंटबद्दल थोडक्यात: सल्ला फुकट असेल तर पैसे कोण देतं, ते विचारावं. कमिशन देणाऱ्या विद्यापीठांचीच यादी समोर येण्याची शक्यता मोठी असते, आणि बॉनसारखी नावं त्यात शोधावी लागतात.

शिफारसपत्रांत आपल्याकडची सोय नडते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे सर मनाने चांगले असतात. पण अर्जात त्यांचा ईमेल मागतात आणि लिंक थेट त्यांना जाते. तिथे जीमेलचा पत्ता दिसला की शंका येते. सरांचा विद्यापीठाचा ईमेल चालू आहे ना आणि त्याचा पासवर्ड त्यांना आठवतो ना, हे दिवाळीआधीच बघून घ्या.