‘गोड्या पाण्यातील’ मोरे मिठावाचून का मरतो?

शास्त्री नदी जयगडला अरबी समुद्राला मिळते. येथील पाण्याची चव भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूनुसार बदलते, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. घरातील काचेच्या टाकीत मात्र ही साधी गोष्ट विसरली जाते. ‘फ्रेशवॉटर मोरे ईल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्पाकृती माशाचा जीव त्यापायी जातो.

हा मासा बहुधा जिम्नोथोरॅक्स टिले या जातीचा असतो. बाजारात मिळणारी वाम वेगळ्या कुळातील. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात टिलेचे वर्णन केले, पण त्याचे खरे घर नदीमुखांच्या मचूळ पाण्यात आहे. निव्वळ गोड्या पाण्यात त्याच्या शरीरात पाणी शिरत राहते व क्षार बाहेर पडतात. तो खाणे सोडतो, त्वचा बिघडते आणि काही महिन्यांत मरतो. मालकाला वाटते, मासा नखरेल आहे!

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या माशासाठी १२ ते १८ ग्रॅमचे प्रमाण योग्य समजले जाते. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगी नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले मत्स्यालयाचे सागरी मीठच वापरावे. गोड्या पाण्यातून आणलेल्या माशासाठी हे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे, कारण फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही सवय व्हावी लागते.

टाकी किमान दोनशे लिटरची, लपायला पाइप वा दगडांच्या कपारी, आणि झाकण पक्के हवे. फटीतून निसटण्यात हा मासा पटाईत असतो. तो सतत तोंड उघडतो ते श्वसनासाठी, धमकावण्यासाठी नव्हे. तरीही कोळंबीचे तुकडे चिमट्यानेच द्यावेत, कारण त्याची दृष्टी अधू असून भिस्त वासावर असते. शिवाय मोरे माशांच्या घशात भक्ष्य आत ओढणारा दुसरा जबडा असतो, हे २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले.

मोरेंची पिल्ले पारदर्शक अळीच्या रूपात दीर्घकाळ समुद्रात तरंगतात. त्यामुळे घरगुती टाकीत त्यांची पैदास होत नाही. दुकानातील मोरे निसर्गातूनच पकडून आणलेला असतो. म्हणून खरेदीपूर्वी दुकानातील पाण्याचा खारटपणा हायड्रोमीटरने मोजून घ्यावा आणि मासा आपल्यासमोर खातो का, हे पाहावे.