सातव्या विहिरीचा दाखला

टेंडर भरायचं की सोडायचं, हे सौदीतल्या आमच्या अल-खोबरच्या ऑफिसात रविवारी सकाळी ठरतं. आठवडा इथे रविवारीच सुरू होतो. मी एस्टिमेशनला. जाडजूड टेंडर वाचून त्याचे मॅन-अवर काढायचे आणि मग मुदीरच्या, म्हणजे साहेबांच्या, चेहऱ्याकडे बघत बसायचं.

परवाचं काम पाइपिंगचं होतं, ऐन उन्हाळ्यातलं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. कागदावर तीनच तास जातात. प्रत्यक्षात वेल्डरांची टोळी साडेअकरालाच केबल गुंडाळायला घेते. तीनला बस परत येते, मग पुन्हा गॅस टेस्ट, परमिटवर सही. ठिणगी उडेपर्यंत पावणेचार. त्यात आखाताची दमट हवा. हातमोजा काढून उलटा केला की घाम ओघळतो. हे सगळं माझ्या शीटमध्ये एका पिवळ्या रकान्यात असतं. तो कुणालाच आवडत नाही.

सेल्सवाले म्हणाले, "सातवी विहीर आठवा!"

हा दाखला इथे ठरलेला. शेजारच्या दहरानला आधीच्या सहा विहिरींनी निराशाच केली होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मालकांचा धीर सुटत चालला होता. भूगर्भतज्ज्ञ मॅक्स स्टाइनकी मात्र खोदत राहा म्हणाला, आणि ४ मार्च १९३८ ला साधारण १,४४० मीटरवर सातवीला भरघोस तेल लागलं. गोष्ट खरीच. पण स्टाइनकी १९३४ पासून ते वाळवंट तुडवत होता, त्याला खडक माहीत होता. ऐकणाऱ्यांना त्यातली जिद्द तेवढी आठवते.

आमचा खडक म्हणजे वेल्डर. स्टोअरच्या मल्याळी भाईंना फोन लावला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चालू आणि टेस्ट पास, असे चौतीस निघाले. लागणार होते साठ.

मुदीरनी पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग विचारलं, "उरलेले सव्वीस कुठून आणणार?" सेल्सवाल्यांनी चहाचा कप फिरवला.

तीन ओळींचं रिग्रेट लेटर मीच टाइप केलं. तीन आठवड्यांची शीट बंद केली, पिवळा रकाना तेवढा पुढच्या टेंडरसाठी कॉपी करून घेतला.