द्रव गोठला, हे कसे ओळखावे?

काही संगणकांत प्रक्रियकाची उष्णता नळ्यांतून फिरणारा द्रव वाहून नेतो. असा संगणक चिखलदऱ्याला नेला, तर हिवाळ्यात हा द्रव गोठेल काय?

अमरावती जिल्ह्यातील हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत तेथील पारा ५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो. निरभ्र रात्री उघड्यावरचे गवत आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होते. पण खोलीतील संगणकाला ही भीती नाही. तोच संगणक लेहला पाठवला आणि नळ्यांत नुसते पाणी असले, तर मात्र धोका आहे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व नळी फुटते. म्हणून द्रवात बहुधा ग्लायकॉल मिसळतात. एथिलीन ग्लायकॉल व पाणी समप्रमाणात घेतल्यास मिश्रण सुमारे उणे ३६ अंशांपर्यंत गोठत नाही.

याची परीक्षा वर्गात घेता येते. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने त्याऐवजी ग्लिसरीन घ्यावे. १०० ग्रॅम पाण्यात १८ ग्रॅम ग्लिसरीन विरघळवा. एका परीक्षानळीत हे द्रावण व दुसरीत साधे पाणी घ्या. तीन भाग बर्फाचा चुरा व एक भाग मीठ यांच्या गोठण मिश्रणात दोन्ही नळ्या ठेवा. उणे २० अंशांपर्यंत खुणा असलेल्या तापमापकाने दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवा.

येथे एक फसगत संभवते. द्रव शून्याखाली जाऊनही काही वेळ गोठत नाही. याला अतिशीतन म्हणतात. अशा वेळी बर्फाचा बारीक कण टाकावा. स्फटिक बनू लागताच अप्रकट उष्मा बाहेर पडतो व उतरलेला पारा एकदम वर चढतो. चढून तो जेथे थांबतो, तो गोठणबिंदू. पाण्यासाठी तो शून्य, तर आपल्या द्रावणासाठी उणे साडेतीन ते चार अंश येईल. पुढे पाण्याचा पारा स्थिर राहतो. द्रावणाचा मात्र हळूहळू उतरतो, कारण बर्फ शुद्ध पाण्याचा बनतो आणि उरलेले द्रावण अधिक तीव्र होते.

म्हणजे 'अजून पातळ आहे' एवढ्यावरून 'गोठत नाही' असे म्हणता येत नाही. आलेखच खरे सांगतो.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा: ग्लिसरीनऐवजी साडेअकरा ग्रॅम मीठ घेतल्यास गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट का घसरतो?