लेकरांची बिऱ्हाडं

मंगळवार हा खोल्या तपासायचा दिवस. सकाळी सातलाच काकूंच्या ओव्हनमधून पाव बाहेर येतात, तोवर काका तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी भरत असतात. धुराच्या अलार्मसाठी बॅटऱ्या, नळाचे वायसर, न्हाणीघरातल्या फटी बुजवायची सिलिकॉनची नळी, पायऱ्यांवर टाकायच्या मिठाची पिशवी, दोन जादा उशा, काकूंचा शिवणाचा डबा. बाहेर उणे २२. ओटावातल्या जानेवारीत याचं कुणाला नवल वाटत नाही.

दोघांच्या कोटावर काळी नावपट्टी असते. तिच्यावर आडनाव, आणि त्याखाली त्यांच्या चर्चचं लांबलचक नाव: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात. हा पंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला, त्याचं मुख्यालय यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. पांढरा शर्ट, टाय, सोबत जोडीदार आणि दारावर टकटक, असे त्यांचे तरुण प्रचारक जगातल्या अनेक शहरांत दिसतात. त्या मुलांच्या मागे उभी असलेली म्हातारी माणसं मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत. मलाही ती दिसली ती केवळ आमच्या इमारतीत राहायला आली म्हणून.

काका ६८ वर्षांचे, काकू ६६ च्या. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काकांचं शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, काकू शाळेत ग्रंथपाल होत्या. चर्चमध्ये त्यांना 'एल्डर' आणि 'सिस्टर' म्हणतात. मी पहिल्या आठवड्यापासून काका-काकूच म्हणते आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारलं. निवृत्त जोडप्याने अर्ज करायचा, कुठे जायचं ते चर्च ठरवणार, खर्च आपला आपण करायचा, अशी या ज्येष्ठ मिशनरींची पद्धत. मुदत सहा महिन्यांपासून जवळपास दोन वर्षांपर्यंत. यांची दीड वर्षाची. घरभाडं, किराणा, प्रवास, सगळं स्वतःच्या साठवणीतून चालतं.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रवचन येतं. मी या दोघांबरोबर अनेकदा फिरले, आणि जे पाहिलं त्यात प्रवचन फार थोडं होतं. पाहिलं ते बहुतेक घरकामच होतं.

व्हॅनिए हा शहराच्या पूर्वेचा जुना फ्रेंच वस्तीचा भाग. तिथल्या एका विटांच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्या तरुण प्रचारकांपैकी दोन मुलं राहतात. एक अल्बर्टाचा, त्याला थंडीचं काही वाटत नाही. दुसरा ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा, त्याचा हा पहिला हिवाळा. आम्ही पोचलो तेव्हा खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं आणि चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. काका रागावले नाहीत. त्यांनी ब्राझीलच्या मुलाला काचेला हात लावायला सांगितलं आणि समजावलं. आंघोळ, स्वयंपाक, खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ कुठेतरी जाणारच. सगळ्यात थंड जागा काच, म्हणून ती तिथे पाणी होऊन बसते. न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतरही चालू ठेवायचा, कपडे ड्रायरमध्ये वाळवायचे. मग पलंग ओढून भिंतीपासून दूर केला, कारण भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरला चादर चिकटली होती. आग लागते ती अशीच. धुराचा अलार्म दाबून पाहिला, कार्बन मोनॉक्साइडचाही. घरात गॅस जळत असेल तर हा दुसरा अलार्म आमच्या ऑन्टारिओ प्रांतात कायद्यानेच लागतो. या वायूला वास नसतो आणि हिवाळ्यात घरं घट्ट बंद असतात.

काकूंची तपासणी वेगळी. त्या आधी फ्रिज उघडतात. ऑन्टारिओत चार लिटर दूध तीन पिशव्यांत मिळतं, आपल्याकडच्यासारखंच पिशवीतलं. तिथे दोन पिशव्या तशाच पडून होत्या, तारीख उलटलेली. भाजी नाही. जॅमच्या बाटल्या तीन. काकू काही बोलल्या नाहीत. पाव ओट्यावर ठेवला, सूपचं पातेलं गॅसवर चढवलं आणि ब्राझीलच्या मुलाला म्हणाल्या, तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय, आण इकडे.

बटण लावायला दोन मिनिटं पुरतात. काकूंनी वीस मिनिटं लावली. सुई चालू, मान खाली, मुलाकडे पाहायचंच नाही. मुलगा समोर बसला आणि हळूहळू बोलायला लागला. रात्री झोप येत नाही. पाच वाजताच अंधार पडतो. आईशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बोलतो, पण ती रडेल म्हणून सगळं छान आहे असंच सांगतो. काकूंनी उपदेश केला नाही की बायबलमधलं वचन सांगितलं नाही. दुपारी दोन वाजता, ऊन असेल तेव्हा, अर्धा तास चालायला जा म्हणाल्या. सुती मोजे बदलून लोकरीचे घाल, ओले झाले की लगेच काढ. वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. गाडीत बसल्यावर काकूंनी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि परत जायची तारीख लिहिली. त्या तारखेला त्या एकट्याच गेल्या, सूप घेऊन.

ही मुलं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडतात. ती एकटी कधी राहत नाहीत, कायम जोडीने. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. बदलीच्या दिवशी काकांच्या कार्यालयात रेल्वे फलाटासारखी गर्दी. बॅगा, सायकली, विसरलेली चार्जरं, कुणाची किल्ली कुणाकडे. काका किल्ल्यांची पाटी भिंतीवर लावतात आणि सगळ्या किल्ल्या जागेवर आल्याशिवाय जेवत नाहीत. गाड्यांचा हिशेबही त्यांच्याकडेच. कुणी किती किलोमीटर चालवली, हिवाळी टायर कधी चढवले, तेल कधी बदललं. गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं, वेग वाढला की ते बोलून सांगतं. नदीपलीकडचं गातिनो शहर क्वेबेकमध्ये येतं. तिथे भाडेकरार बहुधा ३० जूनला संपतात, १ जुलैला अख्खं शहर घरं बदलतं आणि करारनामा फ्रेंचमध्ये असतो. काकूंनी त्यासाठी फ्रेंचचे धडे सुरू केले आहेत. घरमालकाला फोन करण्याआधी त्या वाक्यं कागदावर लिहून मोठ्याने म्हणून पाहतात.

शनिवारी फर्निचर. हे शहर निर्वासितांच्या बाबतीत जुनं जाणतं आहे. १९७९ साली व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून लोक जीव घेऊन बाहेर पडत होते, तेव्हा महापौर मॅरियन ड्यूअर यांनी ४,००० जणांना ओटावात आणायचा संकल्प जाहीर केला आणि सामान्य नागरिक पुढे आले. कॅनडात नागरिकांच्या गटाने एखाद्या निर्वासित कुटुंबाला बोलावण्याची पद्धत आहे. पहिल्या वर्षाचा खर्च आणि आधार त्या गटाने द्यायचा. अशा कुटुंबांना टेबल, गाद्या, भांडी लागतात, ती पोचवायला काका-काकू तरुण प्रचारकांना घेऊन जातात. जिने चिंचोळे, लिफ्ट नाही, आणि काकांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. ते सोफा उचलत नाहीत, तो कोणत्या कोनातून वळवायचा ते सांगतात. यंत्र जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर त्या जिन्यात उपयोगी पडते. तरुण पोरं ऐकतात आणि सोफा खरंच वळतो. या घरांत धर्माचा विषय आपण काढायचा नाही, असा त्या दोघांचा नियम मी पाहिला. कुणी नावपट्टीबद्दल विचारलं तर सांगतात, तेवढंच.

माझं मत मी लपवणार नाही. माणसांना आपल्या धर्मात ओढण्यासाठी दुसऱ्यांच्या देशात माणसं पाठवणं मला पटत नाही. याच चर्चचे प्रचारक १८५० च्या दशकात मुंबई आणि पुण्यालाही येऊन गेले, त्यांचा जम बसला नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. त्यांना जे खरं वाटतं ते सांगायचा त्यांना हक्क आहे आणि मला ते नाकारायचा, एवढंच ते म्हणाले. मैत्रीत फरक पडला नाही.

पण मी मिरजेची आहे. आमच्या घरातली दोन पिढ्यांची बाळंतपणं मिशन हॉस्पिटलमध्ये झाली. ते उभं करणारे डॉक्टर विल्यम वानलेस याच ऑन्टारिओ प्रांतात १८६५ साली जन्मले. १८८९ मध्ये पत्नी मेरीसह ते भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय सुरू झालं. पुढे वैद्यकीय शाळा निघाली, क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या त्या जागेला वानलेसवाडी हे नाव पडलं. १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. हे सगळं आम्ही लहानपणी ऐकलं आणि ते योग्यच आहे. आता या दोघांच्या मागे हिंडताना मला दुसरेच प्रश्न पडतात. त्या रुग्णालयाच्या चादरी कोण मोजत होतं? परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत पाणी गळतंय का, हे कोण बघत होतं? रात्री घरच्या आठवणीने जागणाऱ्या शिकाऊ परिचारिकेशी कोण बोलत होतं? कुणीतरी नक्कीच करत होतं, त्याशिवाय एवढी संस्था चाललीच नसती. त्यांची नावं किताबांच्या यादीत येत नाहीत, आणि सेवेच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा मी चहा टाकला होता. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. आता त्यांच्यासाठी आमसुलाचं गरम सार असतं, काका दोन वाट्या घेतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास. सलग दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि त्या जेवणांचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती काकूंची चौकशी आपल्या मैत्रिणीची करावी तशी करायला लागली. प्रकृतीला झेपतो का उपवास, या वयात औषधं असतील ना? मी विचारलं. काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, म्हणून त्या पाणी घेतात. तशी मुभा असते.

त्यांनी मागे काय ठेवलंय तेही मी पाहिलंय. सहा नातवंडं आहेत. सर्वांत धाकटी नात काकू ओटावात आल्यावर जन्मली. तिला त्यांनी अजून हातात घेतलेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळं दोन आहेत, एक इथलं, एक आयडाहोचं. रात्री भांडी आवरली की काकू दुसऱ्या घड्याळाकडे पाहून फोन लावतात. बाळ पडद्याला हात लावतं. एकदा मी विचारलं, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आपली सोडून यायचं, हे जड जात नाही का? जातं, असं त्या सरळ म्हणाल्या. आणि वही उघडून उद्याच्या खोल्यांची यादी करायला लागल्या.

एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपते. त्यांच्या जागी येणारं जोडपं अजून ठरलेलं नाही. काकूंनी प्रत्येक खोलीची माहिती टाइप करून ठेवायला घेतली आहे. कुठल्या घराचा बॉयलर रुसतो, कोणत्या घरमालकिणीशी सकाळी बोलू नये, व्हॅनिएच्या खिडकीचं काय करायचं, कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वेळेत कुणी मिळालं नाही तर १ जुलै उलटेपर्यंत थांबायची त्यांची तयारी आहे, म्हणजे गातिनोची घरं बदलून होतील. मुलीला त्यांनी तसं कळवलंही आहे.