निवेदनदृष्टी म्हणजे काय?

कथेतील ‘मी’चा ‘तो’ केला की निवेदनदृष्टी (घटना ज्या पात्राच्या जाणिवेतून वाचकापर्यंत पोहोचतात ती भूमिका) बदलली, असा समज रूढ आहे. वस्तुतः सर्वनाम हे तिचे केवळ बाह्य चिन्ह असून, त्या पात्राला काय दिसते, काय ठाऊक असते आणि कशाकडे त्याचे दुर्लक्ष होते, यांवर तिचे खरे स्वरूप अवलंबून असते.

उदाहरणार्थ, बांधाच्या तंट्यात एकाच जागेविषयी तिघांच्या जबान्या घेतल्या, तर तलाठी हद्दीच्या दगडाविषयी बोलेल, फिर्यादी वडिलांनी लावलेल्या बाभळीविषयी, आणि सालगडी रात्री ऐकलेल्या कुदळीच्या आवाजाविषयी मालकाच्या धाकाने मौन पाळील.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही ‘मी’ या एकाच सर्वनामाने निवेदन करतात. तरीही एकाच राजवाड्यातील जीवन राणी देवयानीच्या मुखी एक रूप धारण करते आणि राजकन्या असूनही दासी झालेल्या शर्मिष्ठेच्या मुखी सर्वस्वी दुसरे.

म्हणून कथालेखनापूर्वी प्रत्येक प्रमुख पात्राची जबानी स्वतंत्रपणे लिहून काढणे हितावह ठरते. ती छापली गेली नाही तरी कोणता तपशील कोणाच्या मुखी शोभतो आणि कोणी काय लपविले, याचा निर्णय तिच्याच आधारे करता येतो.