डब्यांच्या व्यवसायात रोजचा अर्धा तास कसा वाचवाल?

मैत्रिणींनो, डबा उशिरा गेला की गिऱ्हाईक एकदा ऐकून घेतं, दुसऱ्यांदा डबाच बदलतं. म्हणून सकाळचं निम्मं काम आदल्या रात्रीच उरकायचं.

भाजी रात्रीच निवडून ठेवा. पालेभाजी मात्र धुवायची नाही, ओली राहिली की सडते. छोले, राजमा 8 तास भिजू द्या. आलं-लसूण-मिरचीचं वाटण मीठ-तेल घालून फ्रीजमध्ये ठेवा, 4-5 दिवस चालतं. सकाळी एकाच कुकरमध्ये डाळ, भात, बटाटे वेगवेगळ्या भांड्यांत लावा.

साफसफाई शेवटासाठी साठवू नका. वाटण काढलं की मिक्सरच्या भांड्यात पाणी आणि थेंबभर लिक्विड सोप घालून लगेच फिरवा. स्टीलची कढई करपली तर घासत बसू नका. पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळा, करपलेलं सुटून येतं.

आता हिशोब बघा. रोज 30 मिनिटं वाचली, तर महिन्याच्या 26 दिवसांत 13 तास होतात! पाच डबे वाढवायचेत? मग पहाटेचा गजर अलीकडे घेऊ नका, आधी हे 13 तास मोकळे करा. उद्यापासून एकच सवय लावा, पुढच्या आठवड्यात दुसरी.